१९५७ ची ई.आर.एफ. लॉरी, गार्डनर इंजिन: एक हिवाळा आणि एक उन्हाळा चालवल्यावर

इथे इंग्लंडमध्ये जुनी लॉरी घ्यायची का असं दोघातिघांनी विचारलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. माझी गाडी ई.आर.एफ. या ब्रिटिश कंपनीची के.व्ही., मॉडेल ५४जी, म्हणजे पाच सिलिंडर, चार चाकं आणि जी म्हणजे गार्डनर, इंजिन बनवणारी कंपनी. मागे नुसता सपाट लाकडी प्लॅटफॉर्म, फाळके नाहीत. लोड टाकत नाही, मोकळीच चालवतो.

मुद्द्याचं आधी सांगतो. एवढ्या महिन्यांत इंजिनाने एकदाही दगा दिला नाही. जे काय काम निघालं ते सगळं इंजिनाच्या आजूबाजूचं, रबर, लाकूड, ब्रेक, पाइप. त्यामुळे घेताना लोक बोनेटमध्ये डोकं घालून बसतात ते चूक आहे असं माझं स्पष्ट मत झालंय, आधी बाकीची गाडी बघा.

पण इंजिनाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. गार्डनरचा कारखाना मँचेस्टरजवळ पॅट्रिक्रॉफ्टला होता. माझं इंजिन त्यांचं ५एलडब्ल्यू मॉडेल, सात लिटरचं, सुरुवातीला ८५ हॉर्सपॉवरचं यायचं नंतर ९४ केलं, ते पण फक्त १७०० आरपीएमला. आकडा ऐकून लोक म्हणतात एवढीच? अहो पण ताकद सगळी खालूनच मिळते, रेस न वाढवता गाडी चढ ओढत राहते. डायरेक्ट इंजेक्शन असल्यामुळे हीटर प्लग वगैरे भानगड नाही, जानेवारीत गवतावर पांढरं दव गोठलेलं असतानाही सेल्फ मारला की लगेच पकडतं. बॅटरी उतरलेली असेल तर डीकॉम्प्रेशनचे, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडून इंजिन हलकं फिरवणारे, लिव्हर उचलायचे, फ्लायव्हील जरा वेगात आलं की खाली टाकायचे. आणि आयडलिंगला इतकं सावकाश चालतं की एकेक ठोका वेगळा ऐकू येतो.

मेंटेनन्सचा सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे डिझेलच्या पाइपात अडकलेली एअर काढणं. डिझेल फिल्टर बदलल्यावर एरवी किती वैताग असतो माहितीये ना, इथे डिझेल पंपात प्रत्येक सिलिंडरचा जो वेगळा भाग (एलिमेंट) असतो त्याला एक छोटा हातलिव्हर दिलाय. तो बोटाने दाबत राहायचं, आधी नुसतं पोकळ जातं, मग हाताला दाब लागतो आणि त्या सिलिंडरचं नोझल कर्र असं करतं. कर्र आलं की एअर गेली. पाचही नोझल सारखी वाजली तर मन निवांत, एखादं मुकं राहिलं तर तेच काढून तपासायचं, कुठलं मशीन लावायला नको. हेडसुद्धा दोन तुकड्यांत आहे, एक दोन सिलिंडरचं आणि एक तीनचं, म्हणजे काढायचं झालं तरी अख्खं एकदम उचलावं लागत नाही. ज्या माणसांनी हे डिझाइन केलं त्यांनी रस्त्याकडेला पावसात काम करणाऱ्या फिटरचा विचार केला होता हे प्रत्येक वेळी जाणवतं आणि मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

गियरबॉक्स डेव्हिड ब्राउन कंपनीचा, सिंक्रो (गियर आपोआप जुळवून घेणारी सोय) नाही, डबल क्लच मारावाच लागतो. ज्यांचे वडील काका एसटीत किंवा अशोक लेलँडच्या कॉमेटवर होते त्यांना हे सांगायला नको. पण गार्डनरचं फ्लायव्हील जड, रेस उतरायला वेळ लागतो, त्यामुळे वरचा गियर टाकताना क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थांबायचं, खरंच थांबायचं, मग परत क्लच आणि गियर. घाई केली की दात वाजलेच. ते थांबणं अंगवळणी पडलं की मग लिव्हर दोन बोटांनी जातो.

उन्हाळ्यात उत्तर इंग्लंडमधल्या शॅपच्या चढावर घेऊन गेलो होतो, जुन्या ए६ रस्त्याने. १९७० मध्ये तिकडे एम६ मोटरवे झाला, त्याआधी ग्लासगोकडे जाणारा माल याच घाटातून जायचा, बर्फात सुद्धा. आणि जड लॉऱ्यांना १९५७ पर्यंत ताशी २० मैलांचीच मर्यादा होती. मी मोकळी गाडी घेऊन तिसऱ्या गियरमध्ये वर चढलो तेव्हा मनात तेच येत होतं की फुल लोड घेऊन, हीटर नसलेल्या केबिनमध्ये, रात्रीच्या वेळी ही माणसं कशी चालवत असतील. सलाम आहे त्यांना.

आता त्रासाचं. ब्रेकला व्हॅक्यूमची मदत आहे, डिझेलला पेट्रोल इंजिनासारखा आयता व्हॅक्यूम मिळत नाही म्हणून वेगळा एक्झॉस्टर, म्हणजे व्हॅक्यूम तयार करणारा पंप, बसवलेला असतो. इंजिन चालू करून गेज वर येईपर्यंत गाडी हलवायचीच नाही. रबरी होज सगळे बदलले. ब्रेकचं थोडं काम बाहेर दिलं होतं, त्या वर्कशॉपने व्हिटवर्थच्या, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची आट्यांच्या, भोकांत मेट्रिक बोल्ट ठोकून आटे घालवले, ते दुरुस्त करण्यात माझे कितीतरी शनिवार गेले, भयंकर संताप झाला होता. व्हिटवर्थ पान्यांचा सेट स्वतःचा घ्या आणि जवळ उभं राहून काम करून घ्या. स्टेअरिंग जड, पार्किंगला खांदे भरून येतात. इंजिन केबिनमध्येच दोन सीटच्या मध्ये, जुलैत भट्टी लागल्यासारखं होतं. वेग ४० मैलांच्या आत ठेवतो, मोटरवे टाळतो. डिझेल मात्र कमी पितं, गॅलनला १४ मैलांच्या आसपास. धंद्याला वापरत नसाल तर ४० वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्सही पडत नाही.

ई.आर.एफ. चा इतिहासही छान आहे. एडविन रिचर्ड फोडेन घरच्या फोडेन कंपनीतून बाहेर पडले कारण घरचे वाफेच्या गाड्या सोडायला तयार नव्हते, आणि १९३३ मध्ये सँडबॅचला स्वतःची पहिली डिझेल लॉरी काढली, तिलाही गार्डनरच. चॅसिस नंबर दिला ६३, कारण त्यांचं वय ६३ होतं! त्या वयात नवा कारखाना.

घेणाऱ्यांनी एवढं करा. केबिनची फ्रेम लाकडी असते, वरून रंग चकचकीत आणि आत भुसा असं असू शकतं, म्हणून दाराच्या खांबात खालच्या बाजूला स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. पुढची वळणदार काच तडकलेली असेल तर गाडी सोडून द्या, काच शोधताना दमून जाल. पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर घेऊन चाक हलवून किंगपिन (ज्यावर पुढचं चाक वळतं ती पिन) ढिली आहे का बघा. माझे किंगपिन या हिवाळ्यात करायचे आहेत, झाले की त्यावर वेगळं लिहीन.