ईव्ह ऑनलाइन की सेकंड लाइफ: कंपनी खेळाडूंचं किती ऐकते?

दोन्ही इंटरनेटवरची आभासी जगं 2003 ची; ईव्ह हा अंतराळातल्या जहाजांचा खेळ. यवतमाळकडच्या खेड्यातून हॉटस्पॉटवर खेळणाऱ्यानं आधी हे पाहावं: नियम बदलला तर दाद कुठं मागायची?

ईव्हमध्ये 2008 पासून खेळाडू मतदानानं परिषद निवडतात. अंतिम निर्णय कंपनीचाच, पण परिषदेच्या शब्दाला वजन आहे. 2011 मध्ये खेळातल्या दुकानाच्या महागड्या वस्तूंवरून खेळाडू भडकले, तेव्हा ईव्ह बनवणाऱ्या सीसीपी कंपनीनं परिषदेला तातडीनं आइसलंडला बोलावलं. आमच्या मते हीच खरी जमेची बाजू.

भरपाईत मात्र ईव्ह कडक. लढाईत असताना लाइन गेली, नेट तुटलं आन् जहाज फुटलं, तर ते गेलंच समजा. चूक सर्व्हरची होती हे कंपनीच्या लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींत, दिसावं लागतं. म्हणून लोडशेडिंगच्या वेळेत महागडं जहाज बाहेर काढू नका.

सेकंड लाइफमध्ये निवडून दिलेली परिषद नाही. तिथं स्वतः बनवलेल्या वस्तूंचे हक्क तुमचेच राहतात. कपडे, घरं बनवून विकणाऱ्याला हेच बरं. पण 2007 मध्ये ते चालवणाऱ्या लिंडन लॅब कंपनीनं तिथला जुगार बंद केला, पाठोपाठ गिंको ही आभासी बँक बुडाली आणि ठेवीदार अडकले. सामान गायब दिसलं तर आधी कॅशे (संगणकावर तात्पुरत्या साठवलेल्या फाइली) साफ करून पुन्हा लॉगइन करा, मगच तक्रार टाका.