पहिली गिअरची गाडी म्हणून होंडा शाईन १२५ : चार महिने चालवून सांगते

दसऱ्याला गाडी घरी आली, आता काही हजार किलोमीटर झालेत, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही. आधी माझं सांगते म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. उंची ५ फूट ३, आठ वर्षं बिनगिअरची स्कूटर चालवलेली, राहायला साताऱ्यात मंगळवार पेठेत चढाच्या बोळात, आणि रोज कोरेगावला जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर.

घ्यायच्या आधी दोन महिने मी नुसते व्हिडिओ बघत होते. त्यात सगळे गाडी पळवताना दिसतात, ढकलताना एकही माणूस दिसत नाही. आणि नवीन माणसाला खरा घाम फुटतो तो गाडी थांबलेली असतानाच, म्हणजे पार्किंगमधून मागं घेताना, चढावर एसटीच्या मागं अडकल्यावर, खडीत यू टर्न मारताना. मामा म्हणाला होता, "आधी बंद गाडी ढकलून बघ, चालू गाडी कुणालाही जमती." तेव्हा एवढं काही वाटलं नव्हतं.

मनात होती रॉयल एनफिल्डची हंटर ३५०. टेस्ट राईड घेतली आणि चालताना काहीच त्रास नाही हो, २७ न्यूटन मीटर टॉर्क म्हणजे इंजिनची ओढ आहे, हळू चालवली तरी बंद पडत नाही, आवाज पण मस्त. सीटची उंची ७९० मिलिमीटर, माझे चवडे नीट टेकतात. मग परत आल्यावर उताराकडं तोंड करून लावली आणि मागं घ्यायला गेले तर हलेचना. १८१ किलो. दोन्ही पायांनी रेटलं, हात थरथरायला लागले आणि शेवटी दोघांनी मागं ओढली. शाईनची सीट ७९१ मिलिमीटर, म्हणजे उंची जवळजवळ तीच, पण वजन ११३ किलो. उंची बघून गाडी ठरवतात लोक, पण एकाच उंचीच्या दोन गाड्यांत ६८ किलोचा फरक असतो, आणि गाडी कलते तेव्हा तो आपल्या एका पायाला जाणवतो. हंटरमध्ये खोट नाहीये, माझ्या बोळात ती बसत नाही एवढंच.

शिकले मी मामाच्या जुन्या स्प्लेंडरवर, शिकाऊ लायसन्स काढून ३० दिवस रोज सकाळी. आणि स्कूटरवरून येणाऱ्यांनी हे नीट वाचा. स्कूटरला डाव्या हातात मागचा ब्रेक असतो, इथं डाव्या हातात क्लच. चौथ्या दिवशी पुढं रिक्षा अचानक थांबली आणि मी सवयीनं डावा लिव्हर करकचून दाबला. क्लच दाबला की इंजिनची ओढ सुटते, गाडी थांबायच्या ऐवजी मोकळी पुढं घरंगळायला लागली. उजवा पाय कसाबसा पॅडलवर गेला आणि रिक्षाच्या वीतभर मागं थांबले. त्यानंतर आठवडाभर मोकळ्या मैदानात फक्त थांबायचीच प्रॅक्टिस केली, उजवा हात, उजवा पाय आणि क्लच अगदी शेवटी. लायसन्सच्या टेस्टचा आठचा आकडा काय, तो चार दिवसात जमतो.

आता गाडीबद्दल. १२४ सीसीचं इंजिन, साधारण साडेदहा पीएस ताकद, ५ गिअर. स्टार्टरचा खर्र आवाजच नाही, बटण दाबलं की गुपचूप चालू होते. क्लच हलका आहे आणि कुठं ओढायला लागतो ते बोटांना लगेच कळतं. समर्थ मंदिराकडं चढावर ट्रॅफिकमध्ये थांबते तेव्हा डावा पाय खाली, उजवा ब्रेकवर, क्लच हळूहळू सोडायचा, इंजिनचा आवाज जड झाला की मग ब्रेक सोडायचा, गाडी एक इंच मागं जात नाही. पहिल्या आठवड्यात पाच वेळा बंद पडायची, आता आठवत पण नाही शेवटची कधी पडली. डिजिटल मीटरवर कितवा गिअर आहे ते दिसतं, नवीन माणसाला याचा फार आधार वाटतो, सिग्नलला तिसऱ्यातच उभी आहे हे कळतं तरी.

ब्रेकचं सांगायचं तर मी २०२५ मध्ये घेतली तेव्हा १२५ सीसीच्या वर एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं होतं, त्याच्या आत सीबीएस (दोन्ही ब्रेक जोडलेले) चालायचं, म्हणून हिला सीबीएस आहे. मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. पण त्याच्यावर विसंबून पुढचा लिव्हर विसरू नका. काही हजार जास्त देऊन पुढं डिस्क ब्रेकवालीच घ्या असं माझं स्पष्ट मत आहे.

मायलेज मला ५५ च्या आसपास मिळतं, टाकी साडेदहा लिटरची, आठवड्याच्या वर जाते.

पैशाचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्यासाठीच मी दसऱ्यापर्यंत थांबले. ऑनरोड लाखाच्या आसपास गेली. कोटेशनची प्रत्येक ओळ वाचा मात्र. एका दुसऱ्या शोरूममध्ये मला न विचारता कोटिंग, ॲक्सेसरीज आणि कसले कसले चार्जेस लावले होते, आणि मी विचारलं तर उत्तर माझ्या भावाकडं बघून देत होते. तिथून उठून आले. थर्ड पार्टी विमा ५ वर्षांचा घ्यावाच लागतो, पण विमा त्यांच्याकडूनच घ्या अशी सक्ती नाही, बाहेरून घेता येतो. आणि त्या वाचलेल्या पैशातून आयएसआयचं चांगलं हेल्मेट आणि ग्लोव्हज घ्या, मी घेतले.

कुणी घेऊ नये? ज्याला दर आठवड्याला हायवेनं पुण्याला जायचंय त्यानं. ८० च्या पुढं ट्रकला ओव्हरटेक करायला लागणारा जोर १२५ च्या गाडीत नसतो, तिथं एबीएसवाली १५०-१६० बघा. मी पण अजून खंबाटकी घाटात नेलेली नाही, शिरवळला मामेबहिणीकडं जायचं असलं की एसटीनंच जाते.