लोकलचा फर्स्ट क्लास: पैसे कुठे वसूल होतात आणि कुठे बुडतात

मुंबईच्या लोकलमध्ये सेकंड क्लासचं कमीत कमी तिकीट ५ रुपयांचं आणि फर्स्टचं २५ रुपयांचं. गाडी तीच, रूळ तेच, पोचायची वेळही तीच. मग वरचे वीस रुपये कशाचे? तुम्ही कुठल्या स्टेशनात, किती वाजता आणि कुठल्या दिशेच्या गाडीत चढता, यावर याचं उत्तर बदलतं. विरारला गाडी लागताना चढणाऱ्याला एक फर्स्ट क्लास मिळतो आणि त्याच गाडीत अंधेरीला चढणाऱ्याला दुसराच. म्हणून 'फर्स्टचा पास काढू का?' या प्रश्नाला सरसकट हो किंवा नाही म्हणणाऱ्याचं ऐकू नये.

आधी डब्याबद्दल. फर्स्टच्या सीटला आणि पाठीला गादी असते, सेकंडची बाकं कडक. पंखे दोन्हीकडे, खिडक्या तशाच, दारं दोन्हीकडे उघडीच. तीन जणांच्या बाकावर चौथ्याने टेकायची जी रीत सेकंडमध्ये पक्की आहे, ती फर्स्टमध्ये सहसा चालत नाही. तासभराच्या प्रवासात हा फरक गादीपेक्षा मोठा, कारण खांदा मोकळा राहतो आणि मांडीवर बॅग ठेवून फोन किंवा पुस्तक धरता येतं. गादीचं कौतुक पावसाळ्यात मात्र ओसरतं. खिडकीची आणि दाराजवळची गादी भिजली की दिवसभर ओलीच राहते, वास धरते. सेकंडचं बाक हाताने पुसलं की झालं. जून ते सप्टेंबर फर्स्टमध्ये बसण्यापूर्वी सीटवर तळहात दाबून बघायची सवय लावून घ्या. वरून कोरडी दिसणारी गादी वजन पडलं की पाणी सोडते.

गर्दीचं गणित जरा नीट समजून घ्यायला हवं, कारण पैसे खरे त्याचेच आहेत. ऐन गर्दीत लोकलमध्ये एका चौरस मीटरवर १४ ते १६ माणसं उभी असतात. रेल्वेच्या भाषेत याला 'सुपर डेन्स क्रश लोड' असं नाव आहे. फर्स्टमध्ये सहसा इतकी वेळ येत नाही, पण सकाळी साडेआठला डोंबिवली, ठाणे किंवा बोरिवलीच्या फास्ट गाडीचा फर्स्टही दारापर्यंत भरलेला असतो. त्यात फर्स्टची जागाच मुळात कमी. १२ डब्यांच्या गाडीत फर्स्टचे कप्पे साधारण तीन ठिकाणी असतात आणि तेही पूर्ण डबे नव्हेत, डब्याचे भाग. गाडी स्टेशनात वीस-तीस सेकंद थांबते. सेकंडमध्ये एका दारातून जमलं नाही तर दोन पावलांवर दुसरं दार असतं. फर्स्टमध्ये दार चुकलं की गाडी चुकली, नाहीतर पळत जाऊन सेकंडमध्ये घुसायचं. मधल्या स्टेशनात पीक अवरला चढणाऱ्यांचा फर्स्टचा पास असा बरेच दिवस नुसताच खिशात राहतो.

बायकांसाठी हा हिशोब आणखी अवघड आहे. लेडीज फर्स्टचा कप्पा फारच छोटा असतो. चार बाकं भरली की उभं राहायचं आणि उभं राहायलाही जागा तेवढीच. गर्दीच्या वेळी लेडीज सेकंडचा मोठा डबा कधीकधी जास्त सोयीचा पडतो, कारण तिथे आत सरकायला वाव असतो आणि पुढच्या स्टेशनात कोण उतरणार ते विचारून सीट ठरवता येते. लेडीज फर्स्टचे पैसे टाकायचे असतील तर आधी दोन-तीन दिवस आपल्या नेहमीच्या गाडीचा तो कप्पा प्लॅटफॉर्मवरून बघा. तुमच्या स्टेशनात तो आधीच भरून येत असेल तर पास काढूच नका. गरोदर बायकांना दिव्यांगांच्या डब्यातून जाता येतं, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. त्या काही महिन्यांसाठी फर्स्टचा खर्च करण्यापूर्वी तो डबा बघून घ्यावा.

मग पैसे वसूल होतात कुठे? पहिली जागा म्हणजे गाडी जिथून सुटते ते स्टेशन. विरार, बोरिवली, ठाणे, कल्याण, पनवेल इथून सुटणाऱ्या गाडीसाठी दहा मिनिटं आधी उभं राहिलं तर फर्स्टमध्ये सीट मिळायची शक्यता सेकंडपेक्षा कितीतरी जास्त. आणि सीट मिळाली की पुढे गर्दी किती होते याने फारसा फरक पडत नाही. दुसरी जागा म्हणजे गर्दीच्या अलीकडची आणि पलीकडची वेळ: सकाळी सातच्या आसपास, दहा-साडेदहानंतर, संध्याकाळी साडेचारच्या आधी. तेव्हा सेकंडमध्ये उभं राहावं लागतं आणि फर्स्टमध्ये बसता येतं. भर दुपारी किंवा रात्री उशिरा सेकंडमध्येही खिडकी मिळते, तेव्हा फर्स्टचं तिकीट काढण्यात काही अर्थ नाही.

अंतरही धरायला हवं. दादर ते चर्चगेट जेमतेम दहा किलोमीटर. एवढ्यासाठी फर्स्ट घेणं म्हणजे पैसे पाण्यात. चर्चगेट-बोरिवली किंवा सीएसएमटी-ठाणे म्हणजे ३४ किलोमीटर, तिथून विचार सुरू करावा. कल्याण ५४ आणि विरार ६० किलोमीटर. रोज दोन्ही वेळा एवढं अंतर करणाऱ्याने, त्यातही ज्याला गाडी सुरुवातीपासून मिळते त्याने, फर्स्ट घ्यावाच. पनवेलकरांना तर माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा. हार्बर लाइनवर फास्ट लोकल नाहीत, सीएसएमटीपर्यंतचे ४९ किलोमीटर प्रत्येक स्टेशन घेत सव्वा तासावर जातात, आणि गाडी पनवेललाच सुटते. एवढा वेळ गादीवर बसून काढणं आणि उभ्याने काढणं यातला फरक कंबर आणि गुडघे महिन्याभरात सांगतात.

आता पासाचा हिशोब, कारण इथेच लोक फसतात. मे २०२२ मध्ये फर्स्टच्या एकेरी तिकिटाचे दर जवळपास निम्मे झाले. पूर्वी ५० रुपयांचं कमीत कमी तिकीट २५ वर आलं. पासाच्या दराला मात्र हात लावला नाही. त्यामुळे 'रोज जायचं म्हणजे पास' हा जुना हिशोब फर्स्टला तसाच्या तसा लागू होत नाही. आपल्या मार्गाचा महिन्याचा फर्स्टचा पास किती आणि एकेरी तिकीट किती, हे रेलवन ॲपवर किंवा तिकीट खिडकीवर बघा. पासाच्या रकमेला येण्याजाण्याच्या दोन तिकिटांच्या बेरजेने भागा. आलेला आकडा म्हणजे महिन्यातले जितके दिवस प्रवास केल्यावर पासाचे पैसे वसूल होतात तितके दिवस. आठवड्यातून दोन-तीनच दिवस ऑफिसला जाणाऱ्यांनी हा भागाकार केल्याशिवाय पास काढू नये. सेकंडचा पास खूपच स्वस्त आहे, आणि फर्स्टचा पास त्याच्या तिपटीहून जास्तच पडतो.

म्हणून बऱ्याच लोकांसाठी मधला मार्ग सगळ्यात शहाणपणाचा: खिशात सेकंडचा पास ठेवायचा आणि ज्या दिवशी सामान आहे, अंगात ताप आहे किंवा मुलाखतीला इस्त्रीच्या कपड्यात पोचायचं आहे, त्या दिवशी फर्स्टचं एकेरी तिकीट वेगळं काढायचं. फर्स्टच्या तिकिटावर आणि पासावर ५ टक्के जीएसटी लागतो, सेकंडवर लागत नाही. ॲपवर दिसणारी शेवटची रक्कमच हिशोबात धरा.

पास काढायचाच ठरला तर तीन महिन्यांचा काढा. तिमाही पासाला महिन्याच्या पासाच्या २.७ पट पैसे पडतात, सहामाहीला ५.४ पट, वार्षिकला १०.८ पट. भागून बघितलं तर तिन्हींत सवलत तीच, १० टक्के. वर्षाचे पैसे एकदम अडकवून काही जास्त मिळत नाही, आणि मध्येच नोकरी किंवा घर बदललं तर पास वाया.

संध्याकाळी उलटं जाणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. दादरला चढता येत नाही म्हणून दादरहून आधी चर्चगेटला जायचं आणि तिथून बसून परत यायचं, हे अनेक जण करतात. पण पास दादर ते बोरिवलीचा असेल तर दादर ते चर्चगेट हा विनातिकीट प्रवास ठरतो. टीसीने धरलं तर भाडं आणि वर कमीत कमी २५० रुपये दंड. सेकंडच्या पासावर फर्स्टमध्ये सापडलं तरी भाड्यातला फरक अधिक तोच दंड. उलटं जायची सवय असेल तर पास सरळ चर्चगेटपर्यंतचाच काढा. वाढीव पैसे एका दंडापेक्षा बरे.

डबा कुठे येतो ते शोधायला प्लॅटफॉर्मवर लाल-पिवळे तिरके पट्टे बघा. फर्स्टच्या दारांशेजारी गाडीवर असतात तसेच पट्टे त्या जागी रंगवलेले असतात. पण इंडिकेटरवर गाडी १२ डब्यांची आहे की १५ ची, ते आधी वाचा; दोन्ही गाड्यांचे फर्स्ट एकाच जागी येत नाहीत, आणि नवखा माणूस इथेच चुकतो. तीनपैकी कुठला कप्पा घ्यायचा तेही ठरवून ठेवा. चर्चगेट आणि सीएसएमटीला रूळ संपतात, तिथे पुढच्या टोकाला उतरलं की बाहेर पडायचं दार समोरच. म्हणून सकाळी शहराकडचा फर्स्ट सगळ्यात आधी ठासून भरतो आणि संध्याकाळी परतीच्या गाडीतही तोच आधी भरतो. मधला किंवा मागचा घ्या, उतरल्यावर दोन मिनिटं जास्त चाला. मधल्या स्टेशनातही हेच: पुलाच्या जिन्यासमोर उघडणाऱ्या कप्प्यात गर्दी, त्यापलीकडच्यात थोडी हवा.

फर्स्टमध्ये सेकंडवाले घुसतात, ही तक्रार खरी आहे. गर्दीच्या वेळी टीसी डब्यात शिरूच शकत नाही, त्यामुळे तपासणी बहुतेक प्लॅटफॉर्मवर किंवा दुपारी होते. रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवर किंवा रेलमदत ॲपवर तक्रार करता येते आणि करावी. गाडीची वेळ, दिशा आणि डबा पुढून कितवा हे लिहिलं तरच तिचा उपयोग. पण पासाचे पैसे भरताना त्या गर्दीसकटच हिशोब करा.

दाराचं मात्र मनापासून सांगतो. फर्स्टचा पास आहे म्हणून दारात लटकणं सुरक्षित होत नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ गच्च भरलेल्या लोकलमधून माणसं पडून मेली. आत सरकायला जागा नसेल तर कुठल्याही वर्गाचं तिकीट असो, ती गाडी सोडा.

राहिली एसी लोकल. तिचं कमीत कमी तिकीट ३५ रुपये, दारं आपोआप बंद होणारी, आणि सगळी गाडी एकाच वर्गाची. फर्स्टचा पास एसीत चालत नाही. फरक भरून तो एसीचा करून घेता येतो. उलट एसीचा पास साध्या लोकलच्या फर्स्टमध्ये चालतो. हे कलम महत्त्वाचं आहे. ज्यांच्या ऑफिसच्या वेळेला एसी गाडी सोयीची आहे, त्यांनी नुसत्या फर्स्टऐवजी एसीचा पास घ्यावा, म्हणजे एसी चुकली तर फर्स्ट हाताशी राहतो. मात्र एसीच्या फेऱ्या अजून थोड्या आहेत आणि एक रद्द झाली की पुढची बराच वेळ येत नाही. पास काढण्याआधी सकाळची एक आणि संध्याकाळच्या दोन, अशा तीन एसी गाड्या आपल्या स्टेशनाच्या वेळापत्रकात सापडतात का ते बघा. त्या सापडत नसतील तर एसीचे जास्तीचे पैसे देऊ नका. आणि कुलाबा, बीकेसी, अंधेरी-सीप्झकडे जाणाऱ्यांनी मेट्रो ३ आपल्या वाटेवर पडते का तेही तपासून घ्यावं. आरे ते कफ परेड पूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२५ पासून सुरू आहे, तिकीट १० ते ७० रुपये, आणि त्यात फर्स्ट-सेकंड काही नाही.