‘जणू’ आधी की खाडी आधी? सहावी-सातवीला कविता शिकवण्याच्या दोन वाटा

शेजारच्या केंद्रातल्या एका नव्या बाईंचा मध्यंतरी फोन आला. सहावी-सातवीचा जोडवर्ग, मराठी त्यांच्याकडे, आणि पहिल्याच चाचणीत निम्म्याहून जास्त मुलांनी दिसेल त्या ओळीखाली ‘उपमा’ लिहून ठेवलेली. त्यांचा प्रश्न सरळ होता: ‘‘सर, अलंकारांच्या व्याख्या पाठ करून घेऊ, की नुसत्या कविताच म्हणून घेऊ?’’ फोनला रेंज नव्हती, त्यामुळे ‘दोन्ही’ एवढंच बोलून झालं. पण ‘दोन्ही’ हे उत्तर नव्हे. कुठली आधी, किती दिवस आणि कोणत्या मुलांसाठी, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. दोन्ही वाटांनी मी काही वर्षं चाललोय, दोन्हीकडे ठेचा खाल्ल्यात. म्हणून हे सविस्तर.

पहिली वाट व्याख्येची. फळ्यावर चार रकाने आखायचे: उपमेय (ज्याचं वर्णन करायचं ते), उपमान (ज्याच्यासारखं म्हटलं ते), समान गुण, साम्यवाचक शब्द. एक ओळ घ्यायची आणि तिचे तुकडे त्या त्या रकान्यात टाकायचे. आपल्यापैकी बहुतेक जण असेच शिकलो, आणि गाईडंही हाच मार्ग धरतात. या वाटेची कुचेष्टा करायची हल्ली पद्धत आहे, पण तिचे दोन गुण मी डोळ्यांनी पाहिलेत.

एक म्हणजे वेळ. चार तासांत चार अलंकार होतात, संकलित चाचणीत उत्तरं येतात, बहुपर्यायी प्रश्नात मुलगा गोंधळत नाही. दुसरा गुण मला उशिरा कळला. आंब्याच्या बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबातली एक मुलगी माझ्या वर्गात होती. मराठी तिसरी की चौथी भाषा. कविता ऐकताना ती भिंतीकडे बघायची, कारण ज्या शब्दांवर बाकीचे हसत ते तिच्या घरात कुणी उच्चारलेलेच नव्हते. पण चार रकाने आखले की तिचा हात सगळ्यात आधी वर. कशाला कशासारखं म्हटलंय, हे शोधायला कान मुरलेला लागत नाही. बाहेरून आलेल्या मुलांना आखीव चौकट आधार देते. ती काढून घेतली की ती मुलं वर्गात असूनही बाहेरच बसतात.

आता तोटा. मुलं ओळ वाचतच नाहीत, खुणेचा शब्द हुडकतात. ‘सारखा’ दिसला की उपमा. ‘जणू’ दिसला की कुणी उपमा लिहितो, कुणी उत्प्रेक्षा. दोघांकडेही गाईड, आणि दोघंही भांडायला तयार. बाईंच्या चाचणीत झालं ते हेच. त्यात कोकणातल्या पोरांची आणखी एक गोची. पुस्तकातल्या यादीत सम, समान, परी, सदृश असे शब्द. पोरगा घरी बोलतो ‘माकडागत’, मालवणकडचा असेल तर ‘सारको’. दिवसातून वीस वेळा उपमा वापरणाऱ्या मुलाला उपमा ही परीक्षेत येणारी परकी वस्तू वाटायला लागते.

शिवाय अलंकार किती, याला अंत नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढे अप्पय्य दीक्षितांच्या ‘कुवलयानंदा’पर्यंत ते शंभरावर गेले. बारा वर्षांच्या पोराला यातल्या कुठल्या टोकाला उभं करायचं, हे शिक्षकाने ठरवायचं असतं. उत्साही शिक्षक ससंदेह आणि भ्रांतिमान या अगदी जवळच्या दोन अलंकारांतला फरकही सातवीत घेतात. मीही घेतला होता एका वर्षी. त्याचं काय झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसरी वाट कानाची. नाव न घेता आधी ऐकवायचं, म्हणायचं, म्हणवून घ्यायचं. परिपाठात रोज पाच मिनिटं एक कविता, तीच आठवडाभर. सोमवारी मुलं पुटपुटतात, गुरुवारी वर्ग दणाणतो. अर्थ सांगायची घाई करायची नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणीतरी आपणहून विचारतं, ‘‘सर, असं का म्हटलंय?’’ त्या प्रश्नासाठी तीन दिवस गप्प बसणं सोपं नाही. शिक्षकाची जीभ वळवळत असते.

या वाटेसाठी कोकणासारखी जागा नाही, आणि हे मी गावाभिमानाने म्हणत नाही. इथल्या पोराच्या कानावर शाळेआधीच किती पडलेलं असतं बघा. शिमग्यात नमन-खेळे, श्रावण-भाद्रपदात जाखडी, त्यात शक्तिवाले आणि तुरेवाले यांचे गाण्यातले सवाल-जवाब, सिंधुदुर्गात दशावतार, देवळातलं गाऱ्हाणं आणि त्यावर सगळ्यांनी एका दमात दिलेलं ‘होय म्हाराजा’. ठेका, पुनरावृत्ती, यमक हे सगळं अंगात आहे, फक्त त्याला शाळेत बोलावलेलं नाही. मनाचे श्लोक ज्या घरात म्हणतात तिथल्या मुलाला त्याच श्लोकांचं भुजंगप्रयात हे वृत्त शिकवायचं म्हणजे बारा अक्षरांवर टाळ्या मारायला लावायच्या: लघु-गुरु-गुरु, चार वेळा. गण, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे गट, नंतर. ते लक्षात ठेवायचं यमाताराजभानसलगा हे सूत्र त्याहून नंतर.

आणि हुमाणी. मालवणीत कोड्याला हुमाण म्हणतात. ‘शेंडी आहे पण भट नाही, तीन डोळे आहेत पण शंकर नाही, पाणी आहे पण ढग नाही.’ नारळ, हे वर्गातलं शेंबडं पोरही सांगेल. पण जरा थांबून बघा काय झालंय ते. उपमान दाखवलंय, समान गुण सांगितलाय आणि उपमेय तेवढं पोटात ठेवलंय. कोडं म्हणजे उपमेय लपवलेली उपमाच. फळ्यावरचा पहिला रकाना रिकामा ठेवून बाकीचे भरून दिले की तयार होतं ते हुमाण. हे माझ्या लक्षात यायला अकरा वर्षं गेली. त्यानंतर मी उपमा दुसऱ्या कशानेही सुरू केलेली नाही.

श्लेषालाही, म्हणजे एका शब्दाच्या दोन अर्थांच्या गमतीलाही, लांब जावं लागत नाही. ‘भरती आली की गावातली पोरं पुळणीवर धावतात.’ समुद्राची भरती की पोलीस भरती? किनाऱ्यावर पहाटे धावणाऱ्यांना रोज बघणारा वर्ग या ओळीवर अर्धा मिनिट हसतो, आणि श्लेष संपला. अनुप्रासासाठी, म्हणजे तेच अक्षर पुन्हा पुन्हा येण्यासाठी, ‘काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले’ पुरे.

या वाटेचे तोटे मात्र लपवू नका. वेळ तिप्पट जातो. आकारिक नोंदी, म्हणजे वर्षभर वर्गात बघून करायच्या नोंदी, छान भरतात, पण लेखी पेपरात मूल अडतं, कारण त्याला गंमत कळलेली असते आणि नाव आठवत नसतं. पालक विचारतात, वहीत काहीच कसं नाही? आणि ज्या शिक्षकाला स्वतःला कविता मोठ्याने म्हणायचा संकोच वाटतो, त्याने ही वाट धरूच नये. मोबाईलवर चाल लावलेली कविता वाजवणं हा त्यावरचा उपाय नाही. मुलं चाल पाठ करतात आणि शब्द गिळतात.

मग दोन्ही वाटा भेटतात कुठे? माझ्या मते एकाच ठिकाणी: एका चित्रावर. दर वेळी नवी उदाहरणं देण्याऐवजी एकच गोष्ट घ्यायची आणि तीच अलंकारांतून फिरवायची. आमच्या खिडकीतून खाडी दिसते, म्हणून मी खाडी घेतो.

खाडी आरशासारखी चकचकते. इथे खाडी वेगळी, आरसा वेगळा, नुसतं साम्य. ही उपमा. वारा पडला आणि खाडी म्हणजे जणू आरसाच. आता मन म्हणायला लागलं की ही तीच असावी; ही उत्प्रेक्षा. खाडीच्या आरशात माड वाकून बघतायत. ‘सारखी’ गेलं, ‘जणू’ गेलं, खाडी आणि आरसा एक झाले; हे रूपक. ही खाडी नव्हेच, आरसा आहे. सरळ नाकारलं, ही अपन्हुती. आणि रूपकाच्या ओळीतले माड वाकून बघतात ना, माणसासारखे? तिथे चेतनगुणोक्ती फुकटात मिळाली.

एका तासात पाच पायऱ्या. मुलाला कळतं की हे पाच कप्पे नाहीत. दोन वस्तू जवळजवळ येत जातात, आणि आपण विचारायचं एवढंच की किती जवळ आल्या. ‘जणू’चं भांडणही इथेच मिटतं: शब्द बघू नका, अंतर बघा. व्याख्या याच्यानंतर लिहून द्यायची. तेव्हा ती पाठ करावी लागत नाही, ओळखीची वाटते.

त्यानंतर मुलांना लिहायला द्यायचं, आणि पहिलाच घाव घालायचा तो फणसावर. ‘कोकणी माणूस फणसासारखा, बाहेरून काटेरी, आतून गोड’ हे वाक्य आपल्याकडे दर वहीत येतं. मी ते खोडत नाही, मुलांनाच विचारतो: हे तुझं की ऐकलेलं? चंद्रासारखं मुखही त्याच टोपलीत. मग सांगतो, आज सकाळी घरून शाळेत येईपर्यंत जे पाहिलंत त्यातलंच हवं. एका मुलाने लिहिलं, ‘ओहोटीची खाडी आमच्या आजोबांच्या कवळी काढलेल्या तोंडासारखी’. एका मुलीने पहाटेच्या मतलई वाऱ्याबद्दल लिहिलं की तो ‘बाबांसारखा कोणाला न उठवता दर्यावर जातो’. तिचे वडील मचव्यावर खलाशी. जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा तो वारा भूगोलाच्या पुस्तकातही आहे, पण तिथे तो इतका नीट समजावलेला नाही.

सहलीचंही विचारलं होतं बाईंनी. गणपतीपुळ्याला जाणार असाल तर मालगुंड शेजारीच. केशवसुतांचं, म्हणजे 1866 साली जन्मलेल्या कृष्णाजी केशव दामल्यांचं ते गाव. तिथे कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारलेलं स्मारक आहे. जरूर न्या, पण अपेक्षा बेताची ठेवा. त्यांची एखादी कविता आधी महिनाभर म्हणून झाली असेल तर मुलं तिथे थबकतात, नाहीतर त्यांचं सगळं लक्ष समुद्राकडे. ते स्वतः शाळामास्तर होते, एवढं ऐकून मात्र पोरं माझ्याकडे संशयाने बघतात.

तर बाई, तुमच्यासाठी ठरवायचं झालं तर असं. चाचणी तीन आठवड्यांवर असेल तर गुपचूप चार रकाने आखा. मुलांचे गुण घालवून काव्यानंद देण्यात काही शहाणपण नाही. हातात पूर्ण सत्र असेल तर जून ते गणपतीच्या सुट्टीपर्यंत कान, एकाही अलंकाराचं नाव न घेता. सुट्टीनंतर खाडीच्या पाच पायऱ्या, मग व्याख्या. जोडवर्ग ही इथे अडचण नाही, उलट सोय आहे: सहावीने हुमाण घालायचं, सातवीने त्याची उपमा करून दाखवायची. बोली घरात नसलेली मुलं असतील तर चौकट पहिल्या आठवड्यापासून भिंतीवर राहू द्या, तक्त्यावर, त्यांच्यापुरती. अलंकार एकूण सहा-सात, त्याहून जास्त नकोत, कुणी कितीही सांगितलं तरी.

पहिल्या तासाला एक सोललेला, शेंडी ठेवलेला नारळ घेऊन जा. टेबलावर ठेवून द्या, काही बोलू नका. फोडायचा मात्र शेवटच्या तासाला. मी एकदा मधल्या सुट्टीआधी फोडला होता आणि उरलेला दिवस गणित कुणी केलं नाही.