नव्या रंगाखाली झाकलेली जुनी फ्रेम

जुन्या पोलादी रेसिंग सायकलची चांगली फ्रेम मिळवावी, तिच्यावर जमतील तसे भाग चढवावेत आणि २०,००० रुपयांच्या आत सायकल उभी करावी, असा माझा बेत होता. या बेतात माझे ११,००० रुपये कसे बुडाले ते सविस्तर लिहितो, कारण ज्या युक्तीने मला फसवले ती गोव्यात दुसऱ्या कोणावरही सहज चालू शकेल.

म्हापशाजवळच्या एका गृहस्थांकडे रेनॉल्ड्स या इंग्रज कंपनीच्या ५३१ नळ्यांची फ्रेम असल्याचे ओळखीतून कळले. ५३१ हे १९३५ साली बाजारात आलेले मँगनीज-मॉलिब्डेनम पोलाद असून त्याच्या नळ्या टोकांशी जाड आणि मध्ये पातळ असतात, त्यामुळे फ्रेम हलकी असूनही मजबूत राहते. नातेवाइकाने इंग्लंडहून ती आणली, असे त्यांनी सांगितले. आपल्याकडे घराघरातले कोणी ना कोणी तिकडे असल्यामुळे मला त्यात खोटे वाटले नाही. मी फोंड्याहून सकाळी येतो म्हटले, पण त्यांनी संध्याकाळी सातनंतरचीच वेळ दिली. पडवीतल्या पिवळ्या दिव्याखाली फ्रेम झळकत होती. गडद निळा ताजा रंग, सीटच्या नळीवर हिरव्या-सोनेरी रंगाचा कंपनीचा स्टिकर, आणि जोडांवर बारीक पांढरी रेघ. सीटचा खांब मात्र आत रुतून बसला होता. ते म्हणाले, ‘दादा, जाम झालाय, दोन दिवस तेल सोडून ठेवा, आपोआप निघेल.’

हेच वाक्य या फसवणुकीचा कणा होते, हे मला नंतर उमगले. ५३१ च्या पातळ नळ्यांच्या फ्रेमला बहुधा २७.२ मिलिमीटरचा खांब लागतो. सीटच्या नळीचे बाहेरचे माप बहुतेक जुन्या फ्रेममध्ये २८.६ मिलिमीटर असते, म्हणून आत किती जाडीचा खांब जातो त्यावरून नळीची जाडी लगेच कळते. खांब नळीत अडकलेला असला आणि त्याच्यावरही रंग मारलेला असला की घेणाऱ्याच्या मनात माप घेण्याचा विचारच येत नाही. वास्तविक बाहेर दिसणाऱ्या भागाला व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घेण्याचे साधन, लावला असता तरी पुरले असते. तो माझ्या पिशवीत होता आणि मी तो काढला नाही, याची मला अजून खंत वाटते.

पैसे फोनवरून दिले, पावती मागितली नाही, आणि विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून २७.२ चा नवा खांबही मागवला. तो आत गेलाच नाही. शेवटी फोंड्यातल्या सायकल दुरुस्तीच्या काकांनी जाम झालेला खांब फिरवून काढला, तर ती हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी २५.४ मिलिमीटरची साधी लोखंडी नळी निघाली. याचा अर्थ फ्रेमच्या नळीची भिंत १.६ मिलिमीटर जाड होती. ५३१ च्या काही साध्या, सारख्याच जाडीच्या नळ्यांना २६.८ किंवा त्याहून थोडा लहान खांब लागतो, पण २५.४ म्हटल्यावर संशयाला जागा उरत नाही. काट्यावर फ्रेम पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याशिवाय २ किलो ९०० ग्रॅम भरली. तेवढ्याच मापाची ५३१ ची फ्रेम २ किलोच्या आसपास भरते.

नुसती साधी नळी असती तर मी ती फ्रेम नाइलाजाने वापरलीही असती. पण काकांनी हँडलच्या नळीला लागून खालच्या तिरप्या नळीवर चुंबक फिरवला आणि एका ठिकाणी तो धरेना. तिथला रंग खरवडला तसा खड्डा बुजवायला भरलेल्या लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, थर पापुद्र्यासारखा सुटून आला आणि त्याखाली नळीच्या पोटाला आडवी वळी पडलेली दिसली. समोरून जोरात धडक बसलेल्या फ्रेमला नेमकी त्याच जागी अशी वळी पडते. पायडलच्या एक्सलचे घर उघडले तर आतून गंजाचा भुगा ओंजळभर निघाला. पावसाळ्यात नळ्यांतून झिरपलेले पाणी तिथेच साचते, आणि आपल्या दमट खाऱ्या हवेत ते घर आतून खात राहते. आटे इतके झिजले होते की त्यांत बसणारा बेअरिंगचा कप दोन फेऱ्यांतच सैल पडत होता. ही सायकल घेऊन मी फर्मागुडीच्या उतारावरून खाली येणार होतो, हे आठवले की अंगावर काटा येतो.

विक्रेत्याला फोन केला तेव्हा उत्तर मिळाले, ‘जुनी वस्तू जशी आहे तशी दिली.’ त्यानंतर फोन लागला नाही. ५३१ असल्याचे त्यांनी लिहिलेले संदेश मी जपून ठेवले आहेत आणि ते जोडून पोलिसांकडे लेखी तक्रार दिली आहे.

जुनी फ्रेम घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की दिवसाच्या उजेडात जा आणि ताज्या रंगाला भुलू नका. स्टिकर तर आज नवे छापलेले कोणालाही मिळतात. शिवाय काही खऱ्या फ्रेममध्येही केवळ मुख्य तीन नळ्याच ५३१ च्या असत, म्हणून स्टिकर खरा असला तरी त्याच्यावरचा मजकूर नीट वाचा. खांब समोर काढून दाखवायला सांगा, आणि निघत नसेल तर सौदा तिथेच थांबवा. एक सुतळी मागच्या चाकाच्या एका खाचेतून हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणा आणि सीटच्या नळीपासून तिचे अंतर दोन्ही बाजूंना मोजा. त्यात ठळक फरक असेल तर फ्रेम वाकलेली आहे.

गेल्या महिन्यात एका ओळखीच्या मुलाने हीच फ्रेम ४,००० रुपयांना मागितली. रंग पुन्हा मारून घेईन, म्हणाला. मी त्याला ती वळी दाखवली आणि त्याच्यासमोरच काकांकडून खालची नळी करवतीने मधोमध कापून घेतली. कापलेल्या तोंडाला व्हर्नियर लावला, तर तिथेही भिंत १.६ मिलिमीटरच भरली.