क्यूजीआयएस: हव्या त्या सुविधेसाठी वर्गणी की वार्षिक सदस्यत्व?

नकाशांचं काम करणाऱ्यांना क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण ते घडवायला पैसा लागतोच. वापरणाऱ्यांनी तो द्यायच्या मुख्य वाटा दोन.

पहिली, हव्या त्या सुविधेपुरती वर्गणी. २०२० मध्ये लुट्रा कन्सल्टिंग, नॉर्थ रोड आणि होबू या तीन कंपन्यांनी पॉइंट क्लाउडसाठी, म्हणजे जमिनीचा आकार दाखवणाऱ्या बिंदूंच्या ढिगासाठी, अशीच वर्गणी गोळा केली. विमानातून लायडारने, म्हणजे लेझरने अंतर मोजणाऱ्या यंत्राने, टिपलेले कोट्यवधी बिंदू फेब्रुवारी २०२१ च्या ३.१८ आवृत्तीपासून थेट नकाशावर उघडू लागले, उंचीनुसार रंगवताही येऊ लागले. पैसा कुठे गेला ते डोळ्यांना दिसतं, आणि सुविधा मिळते ती वर्गणी न देणाऱ्या विद्यार्थ्यालाही. हे मला फार मोलाचं वाटतं. मात्र ज्याची थैली मोठी, त्याची गरज आधी भागते.

दुसरी, क्यूजीआयएस संस्थेचं वार्षिक सदस्यत्व. हा पैसा बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका काढणं, इतरांचा कोड तपासणं, माहितीपुस्तिका अशा कामांना जातो. डेव्हलपर या पैशातल्या अनुदानासाठी प्रस्ताव मांडतात आणि समुदायाचे मतदार सदस्य त्यांवर मत देतात. म्हणजे काय आधी करायचं, हे पैसे देणाऱ्याच्या हातात नसतं. पण प्रत्येक नव्या सुविधेमागे देखभाल लागतेच, आणि जुना कोड नीट करायला वेगळी वर्गणी कोण देणार?

एखाद्या सर्वेक्षण कंपनीचं काम एकाच सुविधेवाचून अडलं असेल, तर तिने खुशाल वर्गणी द्यावी. रोज हेच सॉफ्टवेअर वापरणाऱ्या महापालिकेला किंवा विद्यापीठाला मात्र मी सदस्यत्वच घ्यायला सांगेन, रक्कम छोटी असली तरी.