साडेतीन स्टार : अण्णांची डबल बार सांभाळणारं सोलापुरातलं दुकान

स्टार साडेतीन देतोय. चार देणार होतो, अर्धा का कापला ते खाली सांगतो. दुकानाचं नाव लिहीत नाही, बंदुकीचं दुकान म्हटलं की लोक काय पण कॉमेंट टाकतात आणि मालक वयस्कर माणूस आहे, उगं डोक्याला ताप नको. सोलापुरात अशी दुकानं आहेतच किती, ज्याला गरज आहे त्याला बरोबर सापडतंय.

गरज काय पडली ते आधी. अण्णा, म्हणजे माझे वडील, मागच्या उन्हाळ्यात गेले. त्यांच्या नावावर बारा बोअरची डबल बार, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक होती, लायसन १९८६ चं. गाव आमचं नान्नजच्या बाजूला, ज्वारी, तूर आणि थोडी द्राक्षं. खरं सांगायचं तर बंदूक वाजायची कमी आणि पुसली जायची जास्त, खंडेनवमीला हळद-कुंकू लावून पूजा, इलेक्शनला पोलीस ठाण्यात जमा, निकाल लागला की परत घरी, हाच तिचा प्रवास. मी राहतो जुळे सोलापुरात, म्हणजे शहरातच, नोकरी इथंच, बंदुकीशी माझा संबंध म्हणजे लहानपणी रिकाम्या काडतुसांची शिट्टी वाजवायची एवढाच.

दिवसकार्य उरकल्यावर चुलतभाऊ म्हणाला, काकू एकट्या आहेत घरात, बंदूक गाडीत टाक आणि सोलापूरला घेऊन जा. मी टाकणारच होतो ओ, गोधडीत गुंडाळून पण झाली होती. सहज म्हणून या दुकानात फोन केला की तुमच्याकडं ठेवून घेता का, तर मालक पलीकडून जवळजवळ ओरडलेच. "हात लावू नका! लायसन वडिलांचं, वडील गेले, आता ती तुमच्या गाडीत सापडली तर तुम्ही विनापरवाना. मुलगा आहे म्हणून कोण सोडत नाही. आधी गावच्या हद्दीतल्या ठाण्यात लेखी द्या, डेथ सर्टिफिकेट जोडा, त्यांच्यामार्फत जमा होऊ द्या, मग तिथलं पत्र घेऊन माझ्याकडं. आणि इतके दिवस काय करत होता?" फुकटचा सल्ला, गिऱ्हाईक अजून दुकानात पण आलेलं नाही. त्या एका फोनचेच दोन स्टार धरा. नंतर मी कायदा वाचला, आर्म्स ॲक्टचं कलम २१, लायसनदार वारला की हत्यार विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात नाहीतर परवानाधारक दुकानदाराकडं जमा करायचं. आमच्या अख्ख्या भावकीत एकाला पण माहीत नव्हतं.

ठाण्याच्या मालखान्यात पावसाळ्यात नळीला गंज धरेल ही माझी भीती, म्हणून दुकानात हलवायचं ठरवलं. तिथं दुसरा फोन. मालक म्हणाले या आठवड्यात आणू नका, शहरात ३७ चालू आहे. म्हणजे महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७, पेपरात "शस्त्रबंदी, जमावबंदी" म्हणून दोन ओळी येतात ना आणि आपण पान उलटतो, तेच. हा आदेश शहराच्या हद्दीत पोलीस आयुक्त काढतात आणि त्यातली जमावबंदी पंधरा दिवसांच्या वर चालवायची तर राज्य सरकारची मंजुरी लागते. त्यामुळं गावाकडं चालतंय ते बाळे ओलांडून शहरात आलं की चालत नाही, असा प्रकार होऊ शकतो. आदेश संपल्यावर हवालदारसाहेब सोबत, हातात पत्र, बंदूक केसमध्ये बंद, अशी आमची वरात दुकानात पोचली.

दुकान बाहेरनं बघितलं तर घड्याळाच्या दुकानासारखं, आत जाळी, जाळीमागं स्टँडला साखळीत ओवलेल्या बंदुका. एअरगनचं कपाट पुढं, पोरं तिथंच घुटमळतात. काउंटरवर हातानं लिहिलेला बोर्ड : "लग्नात बार काढाल तर दोन वर्षे आत". हे खरंय, आर्म्स ॲक्टच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून आनंदाच्या भरात केलेला असला गोळीबार म्हणजे दोन वर्षांपर्यंत कैद नाहीतर एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मालकांनी केस उघडली, खटका दाबून बंदूक मधनं दुमडून उघडली आणि नळ्या वर करून ट्यूबलाइटकडं धरल्या. मला पण दाखवलं. आत गोल गोल कड्या दिसतात उजेडाच्या, एकात एक, विहिरीत बघितल्यासारखं. डाव्या नळीत एका जागी कडी तुटलेली. "हा डाग बघा, वडिलांनी शेवटी शेवटी तेल कमी घातलंय." अण्णांचे हात थरथरायला लागले होते ते मला आठवलं, मी काही बोललो नाही. नंबर रजिस्टरात, माझी सही, हवालदारांची सही, शिक्क्याची पावती. भाडं महिन्याला ३००. पावती पक्की मिळते, हे महत्त्वाचं, ती सांभाळा.

आता खरी गंमत. बंदूक माझ्या नावावर करायची तर काय, हे विचारायला गेलो तर मालकांनी चहा मागवला आणि एकच प्रश्न विचारला, "राहता कुठं?" मला वाटलं गप्पा मारतायत. पण सगळं या एका प्रश्नावरच आहे. बंदुकीचा कायदा दिल्लीचा, घटनेच्या केंद्रसूचीत पाचव्या नंबरला शस्त्रं आणि दारूगोळा, त्यामुळं कायदा गावाला, शहराला, सगळ्या देशाला एकच. राज्याची विधानसभा यात वेगळा कायदा करू शकत नाही, महापालिकेचा तर प्रश्नच नाही. पण सहीचा पेन कुणाच्या हातात? सोलापूर शहरात राहात असाल तर पोलीस आयुक्त, ग्रामीणमध्ये असाल तर कलेक्टर. अण्णांचं लायसन कलेक्टरचं, माझं आधार जुळे सोलापूरचं, म्हणजे माझा अर्ज आयुक्तांकडं. नाकारलं तर अपीलची वाट पण वेगळी, कलेक्टरच्या निर्णयावर पुण्याला विभागीय आयुक्त, पोलीस आयुक्तांच्या निर्णयावर थेट राज्य सरकार. म्हणजे एकाच बापाची दोन पोरं, एक गावात एक शहरात, एकच बंदूक मागतायत तर दोघांचे रस्ते वेगळे.

मग मी शहाणपणा केला, म्हटलं गावच्या पत्त्यावर करतो, कारण पण खरं आहे, पिकाची राखण. मालक हसले. "गाव नान्नजजवळ ना? मग वनखातं." हे मला अजिबात माहीत नव्हतं. तिथलं माळढोक पक्ष्यांचं अभयारण्य १९७९ चं, आणि वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ प्रमाणं अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत नवीन बंदूक लायसन द्यायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती पाहिजे. जुन्या लायसनवाल्यांनी सुद्धा नाव नोंदवायचं असतं. अण्णांच्या कागदांच्या पत्र्याच्या पेटीत शोधलं तर खरंच एक पिवळा पडलेला कागद सापडला नोंदणीचा, आम्ही इतकी वर्षं त्याला सोसायटीची पावती समजत होतो. आणि राखण म्हणजे डुक्कर मारणं नव्हे हे पण मालकांनी बजावलं, त्याला वनखात्याची वेगळी परवानगी, काळविटाचं तर नाव सुद्धा काढू नका. शहराच्या पत्त्यावर केलं तर वनखात्याचा तो कागद टळतोय, पण मग अर्जात कारण काय लिहिणार, जुळे सोलापुरात कसली रानडुकरं? (कुत्री आहेत म्हणा, पण ते कारण चालत नाही.)

आईच्या माहेराचं पण विचारलं, इंडी तालुका, कर्नाटक. अण्णा एकदा मामाच्या हट्टापायी बंदूक तिकडं घेऊन गेले होते असं घरात कौतुकानं सांगतात. मालकांनी जुनं लायसन उलटून एका रकान्यावर बोट ठेवलं, व्याप्ती : महाराष्ट्र राज्य. सीमा ओलांडली की तीच बंदूक, तोच माणूस, आणि गुन्हा. आम्ही ज्या गोष्टीचं कौतुक करत होतो ती नशिबानं निभावलेली भानगड होती.

हे सगळं मी फोनवर आतेभावाला सांगत होतो, तो फिलाडेल्फियात आहे आयटीत, तर तो म्हणाला आमच्याकडं बरोबर उलटी बोंब आहे. तिकडं शहराला स्वतःचे कडक नियम करायचे असतात, महिन्याला एकच हँडगन वगैरे, आणि पेनसिल्व्हेनिया राज्य म्हणतं बंदुकीचे नियम फक्त आम्ही करणार, नगरपालिकांनी हात लावायचा नाही. फिलाडेल्फिया यावर कोर्टात गेलं, १९९६ ला हरलं, नोव्हेंबर २०२४ ला राज्याच्या सुप्रीम कोर्टात परत हरलं. फ्लोरिडात तर म्हणे नगरसेवकानं जाणूनबुजून असला स्थानिक नियम केला तर त्याच्याच खिशातून पाच हजार डॉलरपर्यंत दंड. कोलोरॅडोनं मात्र २०२१ ला उलटं केलं, शहरांना राज्यापेक्षा कडक नियम करायची मोकळीक दिली. आणि जॉर्जियात केनेसॉ म्हणून एक गाव आहे तिथं १९८२ पासून नियमच आहे की प्रत्येक घराच्या कर्त्यानं बंदूक ठेवायची! मी हे मालकांना सांगितलं तर ते पाच मिनिटं काउंटरला टेकून हसत होते, म्हणाले असलं गाव मोहोळ-बार्शीकडं कुठं निघालं तर सांगा, तिथं शाखा काढतो.

पण मग लगेच गंभीर होऊन म्हणाले, तिथं निदान भांडण उघड्यावर आहे, कोर्टात आहे. आपल्याकडं नियम एकच पण "गरज आहे" म्हणजे काय हे टेबलापलीकडचा माणूस ठरवतो. मला हे पटलं, पण अर्धंच. माझ्या मते ठरवणारा इथलाच असावा, नान्नजला कुठल्या बांधावरनं डुक्कर येतंय आणि कोण भावकीच्या भांडणात बंदूक मागतोय हे दिल्लीला काय कळणार. फक्त कुठला कागद कुठल्या दारात लागतो हे भिंतीवर लिहून लावलेलं असावं, ते मला एका दुकानदाराकडनं चहा पीत कळायला नको होतं.

वारसांसाठी एक चांगलं कळलं ते लिहितो. आर्म्स ॲक्टखालच्या २०१६ च्या नियमात वारसाची वेगळी तरतूद आहे, आणि लायसनदार जाईपर्यंत थांबायची पण गरज नाही, वय सत्तर झालं किंवा लायसनला पंचवीस वर्षं झाली की तो जिवंतपणी वारसाच्या नावावर करायला देऊ शकतो. अण्णांची पंचवीस वर्षं २०११ लाच भरली होती! नियम आला तेव्हापासून कधीही झालं असतं. घरात म्हातारं माणूस आणि बंदूक दोन्ही असतील त्यांनी हे आजच बघा. बाकीच्या वारसांची नाहरकत लागते, दोन्ही बहिणींच्या सह्या घेतल्या, धाकटी म्हणाली बंदूक तू घे पण अण्णांचं घड्याळ मला. मेडिकल, सुरक्षित हाताळणीच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, घरी कुलूपबंद ठेवायची सोय असल्याचं लिहून देणं, हे सगळं आहेच. आता लायसन पाच वर्षांचं मिळतं आणि एका माणसाला दोनच बंदुका, वारसाहक्काची धरून.

आता अर्ध्या स्टारचं. अण्णांनी दस्त्याला सायकलच्या ट्यूबची रबर गुंडाळली होती, खांद्याला धक्का कमी बसावा म्हणून. काळी, मऊ पडलेली, वरून सुतळीची गाठ, आणि त्या गाठीत कायम जरासा तंबाखूचा वास. दोन महिन्यांनी भाडं द्यायला गेलो आणि जाळीतनं बघितलं तर दस्ता चकचकीत पॉलिश. रबर नाही. काउंटरवरच्या पोराला विचारलं तर म्हणाला, "सर्व्हिसिंग केलं की सर, घाण होती ती, टाकली." वर सर्व्हिसिंगचे ८०० बिलात. न विचारता. मी आवाज चढवला, मालक जेवायला गेलेले, पोरगं मोबाइलमधनं मान वर काढेना. मालक आल्यावर त्यांनी ८०० कमी केले, पोराला झापलं, आणि कारखान्यातनं आलेलं नवीन रबरी पॅड फुकट बसवून देतो म्हणाले. नको म्हटलं. तर ठेवताना रजिस्टरात स्पष्ट लिहून घ्या, विचारल्याशिवाय हात लावायचा नाही म्हणून, आणि चारी बाजूनं फोटो काढून ठेवा. मी काढला नव्हता.

दुपारी एक ते चार बंद असतं, फोन करून जा. गाडी लावायला जागा नाही. ओरिजिनल लायसन दाखवायलाच न्या, देऊन येऊ नका, झेरॉक्सवर काम होतंय. एअरगन घ्यायची असेल तरी ओळखपत्र लागतं, .१७७ ची वीस जूलच्या आतली असेल तर लायसन लागत नाही, पण ते पोरगं धड सांगत नाही, मालकांनाच विचारा.

अर्ज शेवटी शहराच्याच पत्त्यावर केलाय. कारणाच्या रकान्यात मालकांनी सांगितलं तसं लिहिलं, वडिलोपार्जित. आईला रबराचं अजून सांगितलेलं नाही.